हाताचा गुण

आकडा वाईट आला आणि तिला बरं वाटलं.

आधी बरं वाटलं, आकड्याचा अर्थ नंतर लागला. हा क्रम तिच्या लक्षात आला, कारण क्रम लक्षात ठेवणं हाच तिचा पेशा होता. पडद्यावर चौसष्ट होते. पिण्याच्या पाण्यात शिसं दहाच्या आत हवं. लिटरभर पाण्यात दहा मायक्रोग्रॅम, म्हणजे सांगायला गेलं तर काहीच नाही. पण ते 'काहीच नाही' मोजण्यावर तिची बावीस वर्षांची नोकरी उभी होती. चौसष्ट म्हणजे बेबीचं पिंप हरलं. चार महिने दोन, तीन, दोन, एक असे आकडे देणारं, वर्तमानपत्रात फोटो आलेलं, सासूबाईंनी येणाऱ्याजाणाऱ्याला ज्याचं कौतुक ऐकवलं ते पाणी गाळायचं निळं पिंप. बरगड्यांच्या आत कुणीतरी करकचून बांधलेली गाठ सैल केल्यासारखं झालं आणि ती खुर्चीत मागे रेलली. खिडकीबाहेर माळी पाइपने वाफ्यांना पाणी घालत होता. तो रोजच घालायचा. आज तो छान दिसला.

"जोडीची बाटली लावू का?" दिवेकाकांनी विचारलं. धातू मोजायच्या यंत्रात प्रत्येक धातूचा वेगळा दिवा लागतो, शिशाला शिशाचा, तांब्याला तांब्याचा, आणि हे दिवे तळहातावरच्या फोडासारखे जपणारा माणूस म्हणून सगळी प्रयोगशाळा त्यांना दिवेकाका म्हणे. "दिवा तापलेलाच आहे. दोन मिनिटांचं काम."

"नको. कळला आकडा."

"दोन बाटल्या आल्यात म्हणून म्हटलं."

"राहू दे फ्रिजमध्ये," ती म्हणाली आणि फोन उचलला.

बेबीने पहिल्याच घंटेला घेतला. मागे कुठलंतरी मूल रडत होतं. बेबी लसीकरणाच्या फेरीवर असणार. "बेबी, ऐक बाळा," ती म्हणाली. "मन घट्ट कर हं. चौसष्ट आलंय." पलीकडे काही क्षण फक्त मूल रडलं. "अगं, होतं असं. भाताचा तूस काय, मक्याची बुरकुंडं काय, कधीतरी भरतातच. भरली की मग धरलेलं सोडायला लागतात. तुझा काही दोष नाही त्यात. पिंपं रिकामी करा, आतला सगळा माल पोत्यांत भरून तोंडं बांधून ठेवा. आणि ते पाणी कुणाला देऊ नका." बेबीने विचारलं, आजपासूनच का. आत्तापासून, ती म्हणाली. "तू म्हणतेस म्हणजे असणारच," बेबी म्हणाली. "बरं झालं वहिनी, तू आहेस. नाहीतर मी पाजत बसले असते लोकांना." फोन ठेवल्यावरही तिच्या जिभेवर तो स्वतःचा मऊ आवाज राहिला. अहवालात तिने लिहिलं, 'नमुन्यात शिशाचे प्रमाण मर्यादेपेक्षा अधिक आढळले', सही केली, आणि जेवणाच्या सुट्टीत कधी नव्हे ती इतर बायकांच्या टेबलावर जाऊन बसली.

बेबी म्हणजे तिची नणंद. बेचाळीस वर्षांची झाली तरी घरात बेबीच. लग्न झालं तेव्हा ही नणंद तेवीस वर्षांची, नुकतीच परिचारिकेच्या शिक्षणातून बाहेर पडलेली, आणि पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी नव्या सुनेला सांगितलं होतं, आमच्या बेबीच्या हाताला गुण आहे. बेबीने टोचलेली सुई दुखत नाही. बेबीने लावलेलं झाड मरत नाही. बेबीने विरजण लावलं तर दही दगडासारखं लागतं, आणि तेच दूध, तेच भांडं, तेवढंच विरजण हिने घेतलं तर सकाळी खाली पाणी आणि वर साय. नवीन होती तेव्हा ती हसली होती. तिच्या जगात हाताला गुण असणं हा दोष होता. कुणीही करा, कुठेही करा, आकडा तोच यायला हवा. एकाच्याच हाताने येत असेल तर त्या हातात काहीतरी गडबड आहे, तो हात धुवा, मोजमाप पुन्हा घ्या. हे तिने एकदा जेवताना बोलून दाखवलं तेव्हा नवरा म्हणाला, "तुला कौतुक करायचंच नाही तर तसं सांग ना," आणि सगळे हसले होते, बेबीसुद्धा. एकोणीस वर्षांत तिने विरजणाचं तापमान मोजून पाहिलं, दूध कोमट म्हणजे नेमकं किती ते लिहून ठेवलं, आता दही चांगलं लागतं. पण चांगलं दही लागल्याचं कुणी बोलत नाही. न लागलं तरच बोलतात.

आणि गंमत अशी की बुरकुंडांची कल्पना मुळात तिचीच होती. म्हणजे बुरकुंडांची नाही, तुसाची. भाताच्या गिरणीमागे तुसाचे डोंगर पडतात, कुणाला नको असतात, वारा सुटला की डोळ्यांत जातात. आणि त्या तुसाच्या अंगी पाण्यातला जड धातू धरून ठेवायचा गुण असतो, हे सिद्ध करण्यात तिने नऊ वर्षं घातली होती. शिसं घातलेल्या पाण्यात तिचा तूस शंभरातले सत्तर भाग धरायचा. सत्तर हा निबंध छापून यायला चांगला आकडा होता. प्यायला नव्हता. नव्वदातले सत्तर टक्के गेले तरी सत्तावीस उरतात, आणि विहिरीच्या खऱ्या पाण्यात तर कॅल्शियमही जागा अडवून बसतं. हे सगळं ती जेवताना सांगायची, कारण दुसरं सांगण्यासारखं तिच्याकडे काही नसायचं. नवरा हं हं करायचा. सासूबाई म्हणायच्या, कोंड्याचा मांडा करायला निघालीय. ऐकायची एकटी बेबी, रविवारी आली की, हातावर हनुवटी टेकून. "म्हणजे फेकून द्यायच्या वस्तूला चिकटतं विष? मग कशालाही चिकटेल का गं? मक्याच्या बुरकुंडांना?" दाणे काढून घेतल्यावर उरतं ते बुरकुंड. चिकटेल, ती म्हणाली होती, कमीजास्त, सगळ्याच वनस्पतींना चिकटतं. एवढंच म्हणाली होती. बेबीच्या फेरीतल्या वस्तीत जुन्या बॅटऱ्या फोडायचा कारखाना होता, हातपंपाला नव्वद शिसं येत होतं, मुलांची पोटं सारखी दुखत होती आणि बेबी अर्ज करून करून दमली होती, हे तेव्हा तिला ठाऊकही होतं. पण ठाऊक असणं वेगळं. दोन महिन्यांनी बेबी दोन बाटल्या घेऊन दारात उभी राहिली, "वहिनी, एवढं तपासून दे ना, काहीतरी खटाटोप केलाय," आणि यंत्राने आकडा दिला दोन.

चोरी झाली असती तर बरं झालं असतं. चोरीला निदान बोट दाखवता येतं. बेबीने काही चोरलं नव्हतं. वर्तमानपत्रवाला वस्तीत आला तेव्हाही बेबी त्याला म्हणाली, हे सगळं माझ्या वहिनीचं डोकं आहे, मी आपली हमाल. आणि त्याने ते छापलंही, शेवटच्या ओळीत. ते कात्रण नवऱ्याने पाकिटात घालून ठेवलं. तिला डॉक्टरेट मिळाली त्या दिवशी नवऱ्याने पेढे वाटले होते, खोटं कशाला बोला. पण पाकिटात काही ठेवलं नव्हतं. ती हिशेबी बाई होती, शब्दांच्या बाबतीतही. हेवा म्हणजे तिच्याकडे आहे ते मलाही असावं. मत्सर म्हणजे तिच्याकडे ते नसावं. कात्रण पाहिलं त्या दिवशी आपण यातल्या कुठल्या खान्यात बसतो हे तिने स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं होतं आणि प्रामाणिक उत्तर आल्यावर उठून कपडे वाळत घातले होते. मग एका शनिवारी, कुणाला न सांगता, तिने बाजारातून बुरकुंडं आणली. वाळवली, दळली, चाळली, सगळं पुस्तकाबरहुकूम केलं, आणि वस्तीच्याच हातपंपाचं पाणी त्यावरून सोडलं. अडतीस. पुन्हा केलं. एकेचाळीस. बेबीच्या हातात दोन, तिच्या हातात अडतीस. तेच बुरकुंड, तेच पाणी. त्या संध्याकाळी तिने भुकटी कागदात गुंडाळून कपाटाच्या तळाशी ठेवली आणि हात तीनदा साबणाने धुतले. बेबीला एक फोन केला असता, तू काय करतेस गं नेमकं, एवढं विचारलं असतं, तर काम झालं असतं. बेबी तर दर रविवारी म्हणायची, एकदा येऊन बघ ना वहिनी. वेळ नाही गं, ती म्हणायची. विचारलं की उत्तर मिळणार, आणि बेबीच्या तोंडून उत्तर ऐकायला ती तयार नव्हती.

चौसष्टचा तो गुरुवार असा गेला. संध्याकाळी घरी बातमी आधीच पोचली होती. नवरा बूट न काढता पलंगाच्या कडेवर बसला होता. "बेबी रडत होती फोनवर," तो म्हणाला. सासूबाई म्हणाल्या, "दृष्ट लागली पोरीच्या कामाला. दुसरं काय." तिने कुकर लावला, भाजी चिरली, सासूबाईंना गरम पाण्याची पिशवी भरून दिली, आणि जेवताना सगळ्यांना समजावून सांगितलं की यात बेबीची काही चूक नाही, शास्त्रात हे चालायचंच, ती पहिल्यापासून म्हणत होती की घाई करू नका. पहिल्यापासून ती असं काही म्हणाली नव्हती. पण म्हटल्यासारखं वाटत होतं. "तू किती समजून घेतेस तिला," नवरा म्हणाला, आणि कितीतरी दिवसांनी त्याने तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. शनिवारी तिने पडदे धुतले. रविवारी बेबी आली नाही. बेबी न आलेल्या रविवारी घर मोठं वाटलं, दुपार लांब वाटली, सोफ्यावर पाय वर घेऊन बसता आलं. आणि चहा गाळताना आपण गुणगुणतो आहोत हे ऐकून ती एकदम गप्प झाली. स्वयंपाकघरात दुसरं कुणी नव्हतं. तरी तिने मागे वळून पाहिलं.

सोमवारी दिवेकाका नोंदवही घेऊन आले. "मॅडम, हा रकाना मोकळा राहिलाय. जोड नमुना. पुढच्या आठवड्यात तपासणीवाले येतायत, मोकळा दिसला तर माझ्या नावाने शंख करतील." मग लावा, ती म्हणाली, आणि हातातलं काम करत राहिली. दिवेकाका म्हणाले, दोन. "काय दोन?" "आकडा. दोन." ती उठून यंत्रापाशी गेली. पुन्हा लावा, म्हणाली. दोन. यंत्राला आधी निव्वळ पाणी दाखवा, मग ठरलेल्या आकड्याची द्रावणं दाखवा, मग पुन्हा हे. दोन, आणि मग एक पूर्णांक आठ. एकाच नळाखाली, एकाच मिनिटाला भरलेल्या दोन बाटल्या. एकीत चौसष्ट, एकीत दोन. तिने पहिली बाटली ओतून टाकली, तिच्यात ऊर्ध्वपातित पाणी घातलं, म्हणजे ज्यात पाण्याशिवाय काहीच नसतं असं पाणी, हलवली, अर्धा तास ठेवली आणि यंत्राला दाखवली. एकोणीस. निव्वळ पाण्याला बाटली शिसं देत होती. तिने ती उलटी करून उजेडात धरली. बुडाशी, पुसट, तिच्याच अक्षरात एक 'शि' होता. ही नमुन्यांची बाटली नव्हतीच. शिशाचं दाट द्रावण ज्यात ठेवतात त्या बाटल्या खालच्या फळीवर निथळत असतात, त्यातली ही. आणि काढून दिली कुणी, हेही तिला आठवलं. बेबी बाटल्या न्यायला दारात उभी होती, घाईत होती, हसत होती, माळ्याशी दोन मिनिटांत ओळख करून घेऊन त्याच्या गुडघ्याला काय लावायचं ते सांगत होती; आणि हिने तिच्याकडे न बघता, फळीकडेही न बघता, हात लांब करून दोन बाटल्या उचलल्या होत्या.

"बाटली चुकली म्हणायची," दिवेकाका म्हणाले. "होतं, मॅडम. माणसाचं काम आहे." ते आपला दिवा काढून मऊ फडक्यात गुंडाळू लागले. ते बरोबर म्हणत होते, बाटली कुणाच्याही हातून चुकते. त्यासाठीच दोन घ्यायच्या असतात. तिला खुपत होतं ते बाटलीचं नव्हतं. गेल्या चार महिन्यांत बेबीचा चांगला आकडा आला की तिने काय काय केलं होतं: दोन्ही बाटल्या, प्रत्येकी तीनदा, एकदा द्रावणं नवीन बनवून, एकदा दिवेकाकांकडून यंत्राची ज्योत साफ करून घेऊन, एकदा तर बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या काढून, कुठली कुठली ते स्वतःलाही कळू न देता. इतकी कसून तपासणी तिने स्वतःच्या तुसाचीही केली नव्हती. तिला वाटायचं, आपण काटेकोर आहोत. आणि वाईट आकडा आला तो एका बाटलीवर, एका वाचनावर, दोन मिनिटांत खरा. नावडता आकडा चोवीस वेळा तपासायचा आणि आवडता एकदा. हे ती पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवायची, असं करू नका म्हणून. फळ्यावर लिहून शिकवायची.

दुपारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती बसमध्ये बसली. वस्तीला जायला दोन बस बदलाव्या लागत. बस चालताना खिडकीची काच थरथरत होती, आणि ती काय बोलायचं ते जुळवत होती. 'आम्ही पुन्हा तपासलं, आता पाणी ठीक आहे.' हे वाक्य चांगलं होतं. यात एकही शब्द खोटा नव्हता. 'आम्ही'मध्ये प्रयोगशाळा येत होती, यंत्र येत होतं, दिवेकाका येत होते, आणि 'आता'मध्ये गुरुवार गुपचूप मावत होता. कुणी विचारलंच तर 'चूक झाली' म्हणता येईल. काच फुटली, दूध उतू गेलं, चूक झाली. भाषा किती मायाळू असते, करणाऱ्याला पदराखाली घेते. तिने बावीस वर्षं 'आढळले' असं लिहिलं होतं. कुणाला आढळलं, ते कोण होतं, सकाळी घरातून काय गिळून निघालं होतं, हे कुणी विचारत नाही. 'चूक झाली' आणि 'मी चूक केली' यांच्यात एका शब्दाचा फरक. तो शब्द ती ओठांत घोळवत राहिली. शेजारची बाई तिच्याकडे बघू लागली तेव्हा तिने खोकल्यासारखं केलं. आणि एवढं सगळं होत असतानाही, दुसरी बस वळण घेत असताना, तिच्या मनात अगदी स्पष्ट, वेगळा, स्वच्छ असा विचार आला: म्हणजे बेबीचं पिंप अजून दोनच देतं. त्या विचाराची चव जशी होती तशी होती. ती काही केल्या गोड होईना.

वस्ती कारखान्याच्या भिंतीला लागून होती. तिने ती पहिल्यांदाच पाहत असल्यासारखी पाहिली, आणि मग लक्षात आलं, पहिल्यांदाच पाहतो आहोत. पत्र्याची घरं, मधून सिमेंटची बोळ, एका कोपऱ्यात हातपंप. पंपाशेजारी सहा निळी पिंपं उलटी घालून ठेवली होती आणि भिंतीकडेला पोती रचली होती, तोंडं सुतळीने नीट बांधलेली, तिने फोनवर सांगितलं होतं तशी. बेबी एका पायरीवर पेटी उघडून बसली होती. समोर एक बाई, पोट पुढे आलेलं, सातवा महिना असावा. बेबी तिच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघत होती. जरा पलीकडे नाक्यावर कणसं विकणारी म्हातारी लोखंडी टाकीत काठीने काहीतरी ढवळत होती.

"वहिनी?" बेबी म्हणाली. "तू इथे? आईला बरं आहे ना?"

"बरं आहे."

"मग?"

ती उभीच होती. बसमध्ये जुळवलेलं वाक्य तोंडापर्यंत आलं होतं, आम्हीपासून. "तुम्ही पाणी कुठून आणताय हल्ली?" तिने विचारलं.

"मोठ्या रस्त्याच्या नळावरून. दोन किलोमीटर पडतं. मी सांगितलंय सगळ्यांना, लांब असलं तरी तिथूनच आणा म्हणून." बेबीने पट्टा सोडला. "आणतात त्या आणतात. सगळ्यांना कुठे जमतंय. हिला या अवस्थेत कसं जमेल? हिचा नवरा गवंडीकामाला जातो पहाटे. मग पंपाचंच पितेय ही. बोलून बोलून थकले."

"पिंप असतं तर प्रश्न नव्हता," ती बाई जराशी ओशाळून म्हणाली.

"पिंप चांगलं होतं," ती म्हणाली. मग एका दमात म्हणाली, "बेबी, पिंपात काही बिघडलेलं नव्हतं. गुरुवारचा आकडा चुकीचा होता. मी चूक केली. तुला दिलेली बाटली शिशाची होती, ती मी न बघता दिली, आणि दुसरी बाटली लावून बघायची असते ती मी लावली नाही. आज लावली. दोन आलं."

म्हातारीची काठी थांबली. गवंड्याच्या बायकोने आधी बेबीकडे पाहिलं, मग हिच्याकडे. "म्हणजे हे चार दिवस," तिने हळू विचारलं, "मी पंपाचं प्यायले ते... प्यायला नको होतं ना?"

"नको होतं."

"बाळाला काही होईल?"

चार दिवसांनी किती आणि काय होतं, यावर तिला एक नेमकं, मोजून मापून उत्तर देता आलं असतं. "सांगता येत नाही," ती म्हणाली. "रक्त तपासायला हवं. मी स्वतः तपासेन. दोनदा तपासेन."

बेबीने पेटी बंद केली. खटका लागेना, तिने तो पुन्हा लावला. "दुसरी बाटली का नाही लावलीस?"

"आकडा कळला असं वाटलं."

"गुरुवारी फोनवर तू मला बाळा म्हणालीस," बेबी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "एकोणीस वर्षांत कधी म्हणाली नव्हतीस. मला तेव्हाच कसंतरी झालं. म्हटलं, वहिनीला काय झालंय आज. मग म्हटलं, जाऊ दे, आकडा काही खोटं बोलत नाही."

पंपाच्या तोंडातून एक थेंब सुटला आणि खालच्या सिमेंटवर पडला. तिथे थेंबांनी एक गुळगुळीत खळगा पाडला होता. ती त्या खळग्याकडे बघत म्हणाली, "मला बरं वाटलं होतं."

"ते कळलं होतं मला," बेबी म्हणाली. "रविवारी म्हणूनच आले नाही." मग ती उठली, गवंड्याच्या बायकोला हात देऊन उठवलं, आणि घरापर्यंत सोडायला गेली. जाताना मागे वळून पाहिलं नाही.

ती तिथेच उभी राहिली. परत जायची बस चाळीस मिनिटांनी होती. म्हातारीची काठी पुन्हा फिरू लागली. टाकीत करडं, गढूळ पाणी होतं आणि त्यात बुरकुंडांचे तुकडे वरखाली होत होते. "नवा माल लावलाय," म्हातारी म्हणाली, जणू हिनेच काही विचारलं होतं. "बेबीताई म्हणाली, जुना भरला. आता कळतंय भरला नव्हता. असू दे, कामाला येईल."

"हे पाणी असं कसं?" तिने विचारलं.

"राखेचं आहे. माझ्या चुलीची राख. बुरकुंड गोड असतं बाई, नुसतं ठेवलं की मुंग्यांची रांग लागते. राखेत भिजवलं की फिरकत नाहीत."

"किती वेळ भिजवता?"

"वेळ कोण बघतंय. हाताला बुळबुळीत लागलं की झालं."

तिने बाही वर सारली आणि हात टाकीत घातला. पाणी कोमट होतं. बोटं एकमेकांवरून साबणासारखी घसरली. ती घसरण तिच्या ओळखीची होती, रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही ती ओळखीची असते: अल्क, आम्लाच्या उलट. राखेतला अल्क बुरकुंडाच्या अंगावरचे शिसं धरणारे हात मोकळे करतो. आम्ल ते मिटवतं. तिच्या प्रयोगशाळेत तूस आला की पहिल्या दिवशी आम्लात जायचा, कारण तिच्या मार्गदर्शकांनी तसं केलं होतं आणि त्यांच्या मार्गदर्शकांनीही तसंच. स्वच्छ झाला पाहिजे म्हणून. मग ऊर्ध्वपातित पाण्याने सात वेळा. कपाटाच्या तळाशी गुंडाळून ठेवलेली बुरकुंडाची भुकटीसुद्धा तिने तशीच काढली होती. चार महिन्यांत केव्हाही, एखाद्या रविवारी, चहा पिता पिता हे तिला कळलं असतं.

बेबी परत आली होती. टाकीच्या दुसऱ्या बाजूला उभी राहून ती पिंपं सुलटी करू लागली, एकेक, आवाज करत.

"तुमच्याकडे पण असंच करतात ना?" म्हातारीने हिला विचारलं. "बेबीताई सांगते, तुम्ही याच कामात आहात. नऊ वर्षं झाली म्हणे."

"असं नाही करत."

"मग नऊ वर्षं काय करत होतात?"

"धूत होते," ती म्हणाली.

म्हातारी आधी हसली, बोळक्या तोंडाने, टाकीच्या कडेला धरून. मग बेबीला हसू फुटलं. ते तिला यायला नको होतं, तिने ओठ दाबले, पण नाकातून आलंच. आणि ती हसली ती म्हातारीकडे बघून. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि ते हसू त्या दोघींत जरा वेळ राहिलं. हिच्याकडे कुणी पाहिलं नाही. ती मनगटापर्यंत हात पाण्यात ठेवून उभी होती, आणि छातीत पुन्हा ती जुनी गाठ बसताना तिला स्पष्ट कळलं. बेबीने शेवटचं पिंप सरळ केलं, आत डोकावून पाहिलं, आणि कुणाकडेही न बघता म्हणाली, "हात घातलाच आहेस तर ढवळ. त्या दमल्यात."

म्हातारीने काठी पुढे केली. तिने ती घेतली.